केळ्यावरची माशी आणि एक्स-रे : हर्मन मुलर यांची गोष्ट

आधीच सांगते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी फक्त एक विषय म्हणून होतं आणि त्यातही मार्क बेताचेच. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. पण ही गोष्ट मला मराठीतच लिहायची होती, कारण जो प्रश्न मला विचारला गेला तो मराठीत होता आणि तेव्हा मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं.

झालं असं, की गॅदरिंगच्या तयारीत माझी रूम पार्टनर स्टेजच्या पायऱ्यांवरून घसरून पडली. डोकं आपटलं आणि दोन-तीन मिनिटं ती शुद्धीवर नव्हती. आम्ही चौघीजणी तिला रिक्षात घालून हॉस्पिटलला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून डोक्याचा सीटी स्कॅन करायला सांगितला. तोपर्यंत तिच्या बाबांचा फोन आला. काका गावाकडे होते, त्यांना पोचायला सात-आठ तास लागणार होते. सगळी हकीकत ऐकल्यावर ते जरा वेळ गप्प झाले. मग त्यांनी मला विचारलं की बाळ, त्या मशीनच्या किरणांनी माझ्या पोरीला पुढे काही होणार तर नाही ना? तू इन्स्ट्रुमेंटेशनला आहेस, तुला माहीत असेल.

मला माहीत नव्हतं! बायोमेडिकलच्या पेपरला मी सीटी स्कॅनरची ब्लॉक डायग्राम काढली होती आणि दहापैकी आठ मार्कही मिळवले होते. पण त्यातून निघणारे किरण माणसाच्या आत नक्की काय करतात, हे मी कधी वाचलंच नव्हतं. काही नाही होत काका, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. स्कॅन झाला, रिपोर्ट नॉर्मल आला, मैत्रीण तिसऱ्या दिवशी मेसच्या जेवणाला नावं ठेवायला परत हजर. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मग लायब्ररीत शोधता शोधता मला भेटले हर्मन जोसेफ मुलर.

हर्मनचा जन्म २१ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्क शहरातला. वडिलांचा कांस्याच्या कलाकुसरीच्या वस्तू बनवायचा व्यवसाय होता. मुलाला ते म्युझियममध्ये घेऊन जायचे आणि प्राण्यांचे सांगाडे दाखवून उत्क्रांती समजावायचे. पण हर्मन नऊ वर्षांचा असतानाच वडील गेले आणि घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. पोरगा हुशार होता. शाळेत त्याने मित्रांना जमवून विज्ञान मंडळ काढलं. सोळाव्या वर्षी स्कॉलरशिप मिळवून तो कोलंबिया कॉलेजात दाखल झाला. स्कॉलरशिपमध्ये सगळं भागत नव्हतं, म्हणून बँकेत निरोप्या, हॉटेलात कारकून, रात्रशाळेत परदेशी लोकांना इंग्रजी शिकवणं अशी कामं त्याने केली. आपल्यापैकी जे ट्यूशन घेऊन मेसचं बिल भरतात, त्यांना हे वाचून बरं वाटेल.

कोलंबियात तेव्हा थॉमस हंट मॉर्गन यांची एक प्रयोगशाळा होती. तिचं नावच पडलं होतं माशीघर. दुधाच्या बाटल्या, त्यात कुस्करलेली केळी आणि त्यावर हजारो बारीक माश्या. ही माशी तुम्ही रोज बघता. मेसमध्ये पिकलेल्या केळ्यांवर जी तांबूस डोळ्यांची चिलटं घोंघावतात ना, तीच ही. तिचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. दहा-बारा दिवसांत तिची एक पिढी पूर्ण होते, जागा लागत नाही, खर्च जवळजवळ शून्य. आनुवंशिकता शिकायला याहून स्वस्त यंत्र कुठे मिळणार? मॉर्गन आणि त्यांच्या पोरांनी या माश्यांवरून सिद्ध केलं की आईबापांचे गुण मुलांत नेणारी जनुके गुणसूत्रांवर मण्यांसारखी ओळीने बसलेली असतात. १९१५ साली चौघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिलं. त्या चौघांतला एक मुलर. पुढच्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली.

मुलर यांना मात्र एक वेगळाच प्रश्न छळत होता. जनुक बदलतं कसं? कधीतरी हजारो तांबड्या डोळ्यांच्या माश्यांत एखादी पांढऱ्या डोळ्यांची निघते. म्हणजे कुठलं तरी जनुक अचानक बदललं. याला म्युटेशन म्हणतात, मराठी पुस्तकांत उत्परिवर्तन. पण हे इतकं क्वचित व्हायचं की मोजायचं कसं? शिवाय लहानसहान बदल नजरेतून सुटायचे आणि एकाला जे दिसे ते दुसऱ्याला दिसत नसे. मोजताच येत नसेल तर शास्त्र कसलं?

१९२० साली मुलर टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला शिकवायला गेले. तिथे त्यांनी जी युक्ती काढली ती वाचून मी अक्षरशः उडाले, कारण ती शंभर टक्के इंजिनिअरिंग आहे. जरा नीट लक्ष द्या.

माशीतही मादीकडे दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि नराकडे एकच. मुलगा आपलं एक्स आईकडून घेतो. मुलर यांनी अशी एक मादी तयार केली की तिच्या दोन एक्सपैकी एकावर त्यांनी स्वतः तीन खुणा ठेवलेल्या होत्या. पहिली, हे गुणसूत्र दुसऱ्याशी तुकड्यांची अदलाबदल करणार नाही. दुसरी, त्यावर एक घातक जनुक आहे, म्हणजे ज्या नराला हे गुणसूत्र मिळेल तो जन्मण्याआधीच मरेल. तिसरी, डोळा बारीक पट्टीसारखा दिसेल, म्हणजे हे गुणसूत्र कोणत्या मादीत आहे ते लगेच ओळखता येईल. आता या मादीचं लग्न लावायचं अशा नराशी, ज्याचं गुणसूत्र आपल्याला तपासायचं आहे. त्यांच्या पट्टी-डोळ्याच्या मुलींकडे एक खूण केलेलं एक्स आणि एक बापाकडून आलेलं एक्स असतं. अशी एकेक मुलगी वेगळ्या बाटलीत ठेवायची आणि तिला पिल्लं होऊ द्यायची. तिच्या मुलग्यांपैकी निम्मे खूण केलेल्या गुणसूत्रामुळे मरणारच. उरलेल्या निम्म्यांना तपासायचं गुणसूत्र मिळतं. त्यात जर नवीन घातक म्युटेशन झालेलं असेल तर तेही मरणार. म्हणजे बाटलीत एकही नर दिसणार नाही!

म्हणजे काय, की शास्त्रज्ञाने फक्त बाटली हातात धरायची आणि बघायचं, नर आहेत की नाहीत. आहेत तर शून्य, नाहीत तर एक. डोळ्यांचा रंग, पंखांची घडी, कुणाला काय वाटतं, सगळा गोंधळ संपला. डिजिटल आउटपुट! १९२० च्या दशकात, केळी आणि बाटल्या वापरून.

१९२६ च्या अखेरीस मुलर यांनी नर माश्यांवर एक्स-रे सोडले आणि मग या पद्धतीने तपासलं. एका मागोमाग एक बाटल्या नरांशिवाय निघू लागल्या. एक्स-रेचा मोठा डोस दिलेल्या माश्यांत म्युटेशनचं प्रमाण नेहमीपेक्षा सुमारे दीडशे पट झालं होतं. निसर्गात जे बघायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागे ते काही आठवड्यांत समोर आलं. १९२७ च्या जुलैमध्ये सायन्स नियतकालिकात त्यांनी लेख छापला. गंमत म्हणजे त्यात आकड्यांचे तक्तेच नव्हते. आपल्या आधी दुसरं कुणी हे जाहीर करेल या भीतीने त्यांनी घाई केली असावी. सगळे आकडे त्यांनी सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले आणि एका दिवसात जगप्रसिद्ध झाले. त्याच सुमारास लुईस स्टॅडलर यांनीही स्वतंत्रपणे, सातू आणि मका या पिकांवर एक्स-रे सोडून हेच दाखवलं.

इथे थोडा मागचा संदर्भ द्यायला हवा. एक्स-रेचा शोध राँटजेन यांनी १८९५ साली लावला आणि लोक वेडेच झाले. जत्रेत हाताची हाडं दाखवायचे. पुढे तर परदेशात बुटांच्या दुकानात पाय नीट बसतो का बघायला एक्स-रेची मशीन आली. किरणांनी कातडी भाजते हे लवकरच कळलं होतं. एडिसनच्या प्रयोगशाळेत काम करणारे क्लॅरेन्स डॅली यांचे हात त्यात गेले आणि १९०४ साली त्यांचा जीवही गेला. पण समज असा होता की जखम दिसली तर इजा, नाही दिसली तर काही नाही. मुलर यांनी सांगितलं की असं नाही. काहीच दिसत नसताना, माशी मजेत उडत असताना, तिच्या आतल्या जनुकांत बदल झालेला असतो आणि तो पुढच्या पिढीत जातो.

आणि याच १९२७ च्या लेखात त्यांनी डॉक्टरांना इशारा दिला. त्या काळी काही डॉक्टर तात्पुरतं मूल होऊ नये म्हणून एक्स-रे द्यायचे. मुलर यांचं म्हणणं होतं की काही काळाने मूल होऊ लागलं म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं धरू नका, वैद्यकीय पद्धत बदला. तुम्हाला वाटेल डॉक्टरांनी लगेच ऐकलं असेल. कसलं काय! माशीवर काम करणारा प्राणिशास्त्राचा मास्तर आम्हाला शिकवणार का, असाच बऱ्याच जणांचा सूर होता. पुढची तीस-चाळीस वर्षं मुलर हेच सांगत फिरले.

एक लक्षात घ्या, तेव्हा जनुक कशाचं बनलेलं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. डीएनए हे उत्तर १९४४ साली एव्हरी आणि सहकाऱ्यांच्या कामातून आलं आणि त्याची रचना १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. आज आपल्याला कळतं की एक्स-रे शरीरातून जाताना इलेक्ट्रॉन सुटे करतो. ते कधी थेट डीएनएवर आदळतात. बऱ्याचदा पेशीतल्या पाण्याचे तुकडे करतात आणि त्या पाण्याचे तुकडे डीएनएला इजा करतात. डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. एक बाजू तुटली तर दुसरी बाजू बघून पेशी ती जोडते. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी तुटल्या तर जोडणं अवघड जातं आणि जोडताना चूक होऊ शकते. ती चूक म्हणजेच म्युटेशन.

आता परत मुलर यांच्याकडे. इतकं यश मिळालं म्हणजे माणूस सुखात असेल असं वाटतं. तसं नव्हतं. कामाचा ताण, सहकाऱ्यांशी श्रेयावरून वाद, संसारात कुरबुरी, शिवाय डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यांना वर्तमानपत्र काढायला मदत केली म्हणून पोलिसी नजर. १९३२ च्या सुरुवातीला एके दिवशी ते वर्गावर आलेच नाहीत. शोधायला गेलेल्यांना ते गावाबाहेरच्या जंगलात सापडले. त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. सुदैवाने वाचले आणि पुन्हा कामाला लागले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ज्या माणसाला पुढे चौदा वर्षांनी नोबेल मिळायचं होतं, त्यालाही एके दिवशी सगळं संपलं असं वाटलं होतं. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि शेजारच्या रूममधलं कुणी दोन दिवस दिसलं नाही तर दार वाजवून बघावं.

त्याच वर्षी ते बर्लिनला गेले. काही महिन्यांत तिथे हिटलर सत्तेवर आला. म्हणून १९३३ मध्ये निकोलाय वाविलोव्ह यांच्या बोलावण्यावरून ते सोव्हिएत रशियात गेले. तिथे मोठी प्रयोगशाळा, भरपूर सहकारी, समाजवादाचं स्वप्न, सगळं होतं. पण रशियात तेव्हा ट्रोफिम लायसेंको नावाच्या माणसाचं प्रस्थ वाढत होतं. त्याच्या मते जनुक वगैरे सगळं थोतांड आणि पिकांना हवं तसं वळण लावता येतं. स्टॅलिनचा त्याला पाठिंबा. डिसेंबर १९३६ मध्ये मॉस्कोत जाहीर वाद झाला तेव्हा मुलर यांनी भर सभेत सांगून टाकलं की ही निवड वैद्यकी आणि मांत्रिकी यांच्यातली आहे. असं बोलून तिथे कोण टिकणार? त्यांच्याबरोबर टेक्सासमध्ये काम केलेले अगोल आणि लेव्हित या दोघा शास्त्रज्ञांना पुढे गोळ्या घातल्या गेल्या. वाविलोव्ह १९४३ साली तुरुंगात मेले. मुलर १९३७ मध्ये निसटले ते थेट स्पेनच्या यादवी युद्धात, रक्त देणाऱ्या वैद्यकीय पथकात काम करायला. तिथून ते स्कॉटलंडला एडिंबरोला गेले.

मुलर यांची एक बाजू मला अजिबात आवडली नाही आणि ती लपवणं बरोबर नाही. निवडक पुरुषांचं वीर्य वापरून मानवजात सुधारावी असा त्यांचा आग्रह होता. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि १९३६ मध्ये स्टॅलिनला पत्रही पाठवलं. वर्ण आणि वर्गावरून माणसांना कमी लेखणाऱ्या सुप्रजननवाल्यांवर त्यांनी कडक टीका केली होती हे खरं. पण चांगला माणूस कोणता हे ठरवणार कोण, या साध्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. हुशार माणूस सगळ्याच विषयांत बरोबर असतो असं नाही, एवढं मी यातून घेतलं.

एडिंबरोत त्यांच्या आयुष्यात दोन चांगल्या गोष्टी घडल्या. जर्मनीतून परागंदा व्हावं लागलेल्या थेआ यांच्याशी १९३९ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. आणि शार्लोट आउअरबाख नावाच्या संशोधिकेला त्यांनी म्युटेशनच्या कामाकडे वळवलं. तिने पुढे मस्टर्ड गॅस या रसायनानेही म्युटेशन होतं हे दाखवलं. दुसरं महायुद्ध पेटल्यावर मुलर १९४० मध्ये अमेरिकेत परतले. पन्नाशीला आलेला, जगभर नाव असलेला माणूस, पण कायमची नोकरी कुणी देईना. शेवटी १९४५ मध्ये इंडियाना विद्यापीठाने घेतलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. आता किरणोत्सर्ग हा शब्द घराघरात गेला. १९४६ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मुलर यांना जाहीर झालं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या बाटल्यांसाठी! आता त्यांचं ऐकणं भाग होतं.

नोबेलच्या भाषणात त्यांनी ठामपणे मांडलं की किरणांची अशी कोणतीही पातळी नाही की ज्याच्या खाली धोका शून्य होतो. डोस निम्मा केला तर धोका निम्मा, दहावा हिस्सा केला तर दहावा हिस्सा. आलेख सरळ रेषेत थेट शून्यापर्यंत जातो. आजही जगभरचे किरणोत्सर्ग सुरक्षेचे नियम याच सरळ रेषेवर उभे आहेत. ही रेषा पूर्ण खरी आहे का यावर मात्र वाद आहे. त्या भाषणाच्या थोडे आधी कमी डोसच्या एका प्रयोगाचे निकाल त्यांच्या हातात आले होते आणि ते या रेषेत नीट बसत नव्हते. मुलर यांनी ते बाजूला ठेवले असा आरोप काही संशोधकांनी अलीकडे केला आहे, तर काहींना तो मान्य नाही. १९५८ मध्ये उंदरांवरच्या मोठ्या प्रयोगातून हेही दिसलं की तोच डोस हळूहळू दिला तर म्युटेशन कमी होतात. कारण मधल्या वेळात पेशी दुरुस्ती करते. नोबेलच्या त्या भाषणाच्या वेळी डीएनए दुरुस्तीचं यंत्र ठाऊक नव्हतं. त्या शोधासाठी लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणखी एक गोष्ट. मुलर यांना सर्वात जास्त काळजी होती पुढच्या पिढ्यांची. पण हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या मुलांचा कित्येक दशकं अभ्यास होऊनही आनुवंशिक दोषांची स्पष्ट वाढ आढळलेली नाही. याउलट ज्यांनी स्वतः किरण झेलले त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं स्पष्ट दिसलं. कॅन्सर म्हणजे शरीरातल्या पेशीतलंच म्युटेशन असावं, हेही मुलर यांनी फार आधी सुचवलं होतं. म्हणजे तपशिलात थोडे चुकले, पण मूळ मुद्दा बरोबर निघाला.

मुलर एक्स-रेच्या विरोधात होते असं मात्र कुणी समजू नका. गरज असेल तर जरूर काढा, पण उगाच नको, जेवढा लागेल तेवढाच डोस द्या आणि नोंद ठेवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. धोका फुगवून सांगणाऱ्यांवर ते चिडायचे आणि धोका नाहीच म्हणणाऱ्यांवरही. त्यामुळे दोन्हीकडचे लोक नाराज. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावरची मोठी परिषद झाली. आपले डॉ. होमी भाभा त्या परिषदेचे अध्यक्ष होते. तिथे मुलर यांचा निबंध वाचायला अमेरिकेच्याच अणुऊर्जा आयोगाने आडकाठी केली, कारण त्यात हिरोशिमाचा उल्लेख होता. मुलर गपचूप श्रोत्यांत जाऊन बसले. त्यांचं नाव निघालं तेव्हा सभागृह उभं राहिलं आणि टाळ्या वाजत राहिल्या. त्याच वर्षी अण्वस्त्रांविरुद्धच्या रसेल-आइनस्टाइन जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली.

इंडियानात त्यांच्या वर्गात एक उंच, किडकिडीत विद्यार्थी बसायचा. त्याचं नाव जेम्स वॉटसन. हो, तोच, डीएनएच्या शिडीवाला. ५ एप्रिल १९६७ रोजी हृदयविकाराने मुलर यांचं निधन झालं. सीटी स्कॅनर रुग्णांसाठी प्रथम वापरला गेला तो १९७१ साली, म्हणजे चार वर्षांनी. त्यांनी तो पाहिलाच नाही.

मग काकांच्या प्रश्नाचं उत्तर काय? आता मी हिशेब करू शकते. काहीही न करता हवा, जमीन, आकाश आणि आपल्या खाण्यापिण्यातून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. छातीचा एक एक्स-रे म्हणजे ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी. डोक्याचा सीटी स्कॅन साधारण २, म्हणजे जवळजवळ एका वर्षाचा नैसर्गिक डोस. पोटाचा सीटी ८ ते १० च्या आसपास. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत एक्स-रे नसतातच. एकात ध्वनिलहरी, दुसऱ्यात चुंबक आणि रेडिओलहरी.

सुरक्षेचे नियम करताना धरतात की १००० मिलिसीव्हर्टला कॅन्सरचा जादा धोका सुमारे ५ टक्के. मुलर यांच्या सरळ रेषेने खाली आलो तर २ मिलिसीव्हर्टला ०.०१ टक्के. म्हणजे दहा हजारात एक. लहान वयात तो थोडा जास्त, म्हातारपणी कमी. आणि हा अंदाज आहे. शंभर मिलिसीव्हर्टच्या खाली धोका थेट मोजणं फार कठीण असतं, कारण एरवी होणाऱ्या कॅन्सरच्या गर्दीत तो दिसत नाही. तरी २०२३ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या, लहानपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या जवळजवळ साडेनऊ लाख जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून अंदाज निघाला की दहा हजार मुलांचा एकेक सीटी केला तर पुढच्या बारा वर्षांत एक-दोन जणांना त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. धोका आहे, पण एवढासा आहे. सीटीनंतर लगेच रक्त तपासलं तर पेशींतल्या डीएनएला पडलेले तुकडे खरोखर दिसतात आणि दिवसभरात बहुतेक जोडले गेलेलेही दिसतात.

आता दुसऱ्या पारड्यात काय होतं? डोकं आपटून बेशुद्ध पडलेली मुलगी. आत रक्तस्राव असता आणि तो वेळेत कळला नसता तर काही तासांत जीव गेला असता. अशा वेळी दहा हजारात एक हा आकडा घेऊन कुणी थांबेल का? पण तोच स्कॅन कुणी साध्या डोकेदुखीला हट्टाने मागून घेतला किंवा ऑफर आहे म्हणून सगळ्या अंगाचा करून घेतला, तर दुसऱ्या पारड्यात काहीच नसतं. मग एवढासा धोकाही जास्तच.

म्हणून मी स्वतःसाठी काही नियम केले आहेत. डॉक्टरांना नम्रपणे विचारायचं, यातून उपचार बदलणार आहे का आणि सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का? जुन्या फिल्म आणि रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवायचे म्हणजे तोच स्कॅन पुन्हा नको. गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधीच सांगायचं. आपल्याकडे अशी मशीन चालवायला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तेव्हा तो आहे का हे विचारायलाही लाजायचं नाही. आणि एवढं झाल्यावर डॉक्टरांनी गरज आहे म्हणून सांगितलं तर बिनधास्त स्कॅन करून घ्यायचा.

गेल्या महिन्यात काका हॉस्टेलवर आले होते, डब्यात चकल्या घेऊन. त्यांना मी हे सगळं सांगितलं, माशीपासून मिलिसीव्हर्टपर्यंत. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले की त्या दिवशी हे आकडे सांगितले असतेस तर तो सात-आठ तासांचा प्रवास जरा सोपा गेला असता.

ते माझ्या मनाला लागलं. काही नाही होत, हे उत्तर नसतं. किती, कशाच्या बदल्यात आणि का, हे सांगता आलं तर ते उत्तर. मुलर आयुष्यभर हेच सांगत राहिले. उद्या आपल्यातलंच कुणीतरी अशा मशीनचं डिझाइन करेल, कुणी ते विकेल, कुणी दुरुस्त करेल. तेव्हा आत झोपलेलं माणूस कुणाची तरी मुलगी आहे आणि बाहेर कुणीतरी फोन धरून उभं आहे, एवढं आठवलं तरी पुष्कळ झालं.

आणि हो, मेसमध्ये केळ्यावर माशी बसली तर तिला जरा मानाने हाकला!